सत्तावीस मीटर

कंपनीचा माणूस म्हणाला, "सत्तावीस मीटर. फार काही नाही."
आम्ही जमीन मोजतो, कुंपण मोजतो,
वसंतात कोकरं मोजतो दोनदोनदा.
वरच्या बाजूला मोजायची वेळ
या खोऱ्यात कुणावर आली नव्हती.
म्हणून ठरलं : शनिवारी फुगा सोडायचा.
ठरावाला अनुमोदन मैरिगचं.
इतिवृत्त माझ्याकडे असतं, तेवीस वर्षं.

फुगा कार्डिफहून आला, भाड्यानं,
पोटावर कुठल्याशा दुकानाची जाहिरात, अर्धी खरवडलेली.
दोरी मैरिगची.
दर मीटरला लाल लोकरीची गाठ, बायकोनं मारलेली.
ती सभेला येत नाही,
पण तिच्या हातांची थरथर गाठीगाठीत दिसत होती.

जागा : इद्वालचं शेत.
नकाशावर त्याचं नाव टी-सत्तेचाळीस.
आमच्या बोलीत ते झऱ्याचं कुरण.
झरा आटून चाळीस वर्षं झाली,
नाव अजून ओलं आहे.

इद्वाल आमच्यात सगळ्यात मोठ्यानं बोलतो.
त्याच्या बापानं बासष्ट साली लाकडी खांब खांद्यावर वाहिले,
गावात वीज यावी म्हणून.
पहिला दिवा लागला, आईनं वर पाहिलं,
आणि दिवा मालवून पुन्हा कंदील लावला.
आधी जळमटं काढली. मग दिवा.
हे त्यानं मला गोठ्यात सांगितलं,
वर म्हणाला, लिहू नकोस.

ती वीज घरात शिरायला आली होती.
ही निघालीय डोंगरामागच्या पवनचक्क्यांपासून
सरहद्दीपलीकडच्या शहरांपर्यंत.
मधे आम्ही.
जमिनीखालून न्या, आम्ही म्हणतो.
महाग पडेल, ते म्हणतात,
आणि पानभर आकडे पाठवतात.
त्यांना पुरेल अशी दोरी मैरिगकडे नाही.

मागच्या गुरुवारी तेग्वेनच्या नातीनं हात वर केला.
बारा वर्षांची. शाळेचा गणवेश.
"वीज वाऱ्याची असेल, धूर नसेल,
तर मग आपण नको का म्हणतोय?"
चहाचं भांडं तेवढं फुसफुसत राहिलं.
कुणीतरी केकची बशी पुढे सरकवली.
प्रश्न मी लिहून घेतला,
खाली चार ओळी मोकळ्या सोडल्या.

तर शनिवार. दहावी गाठ, बारावी,
अठराव्या गाठीला वारा आडवा झाला.
फुगा काही केल्या उभा राहीना,
इंग्लंडकडे झुकून डुलत राहिला, जत्रेतल्या दारुड्यासारखा.
कुत्री भुंकली. मेंढ्यांनी मान वर केली नाही.
आम्ही सगळे मात्र तोंड उघडं टाकून वर,
एवढं वर चॅपेलमध्येही कुणी बघत नाही.

फोन येऊ लागले, मी वेळेसकट टिपत गेले :
शाळेतून दिसतो.
तेग्वेनच्या मोरीतून दिसतो, उभं राहिलं तर.
चॅपेलमधून दिसत नाही.
दफनभूमीतून दिसतो.

चार वाजून दहा मिनिटांनी दोरी सुटली.
इद्वाल म्हणतो, निसटली.
मी त्याच्या शेजारीच उभी होते.
त्याची मूठ मला दिसत होती.

फुगा गेला तो थेट पूर्वेला.
नकाशावरची लाल रेघ आता आम्हाला तोंडपाठ,
तो तिच्यावरूनच गेला,
अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, हेलवेनची सफरचंदं, ओढा, पन्नास,
मग ठिपका, मग आभाळ.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मोठ्यांना कळेना, वाजवाव्यात की नाही.

नोंद :
उंची सर्वांनी पाहिली.
अनामत चाळीस पौंड, बुडाली.
लोकरीची दोरी नवीन करावी लागेल,
मैरिग घरी विचारून सांगेल.
पुढची सभा गुरुवारी, सात वाजता.
चहा : हेलवेन.
चार मोकळ्या ओळी तशाच पुढे घेतल्या.