जुनं रीडिंग, नवं रीडिंग

वास्कोत, स्टेशनामागच्या उतरत्या गल्लीत
माझी सदतीस मीटरं.
दर महिन्याला जातो: टॉर्च, मशीन, छत्री,
आणि कुत्र्यांसाठी खिशात ग्लुकोजची बिस्किटं.

सदतीसांतली एकवीस आता हलत नाहीत.
त्यांच्यासाठी मशीनवर एक बटण आहे: दार बंद.
पूर्वी क्वचित दाबायचो,
आता त्यावरचं अक्षरच पुसून गेलंय.

सोडा फॅक्टरी बंद.
कुतिन्होचं शिवणाचं दुकान बंद,
काचेआड पुतळा तसाच, अर्ध्या सुटात,
खांद्यावर खडूची रेघ.
खाणी थांबल्या तेव्हा बार्जवाले गेले,
बार्जवाले गेले म्हणून खानावळ गेली,
मग पोरं पोर्तुगालचा पासपोर्ट काढून
इंग्लंडात गेली, गोदामात खोकी भरायला.
राहिला बंदरावरचा कोळसा.
तो मात्र रोज येतो.
शिंपल्यांच्या तावदानांवर बसतो,
तुळशीवर बसतो, क्रुसावर बसतो,
त्याला सगळे सारखे.

घर नंबर एकशे चार.
रेमेद बाय वारली, मुलगा ऑस्वाल्द स्विंडनला.
बलकांवातल्या सोप्यावर नीलव्वा झोपते.
वळकटी, पत्र्याची पेटी, वातीचा स्टोव्ह,
आणि दोरीवर वाळत घातलेलं
एकच लुगडं, दुसरं अंगावर.

गदगहून आली ती याच घरात कपडे धुवायला.
अठ्ठावीस वर्षं धुतले.
मागच्या चाळीतली तिची खोली मार्चमध्ये पाडली.
भाड्याची पावती कधी कोणी दिली नव्हती,
म्हणून ती खोली होती, असं
कुठल्याच कागदावर नाही.

कमरेला किल्ली आहे तिच्या.
याच घराची.
ऑस्वाल्द देऊन गेला: हवा खेळती ठेव, वाळवी बघ.
सकाळी ती दार उघडते, खिडक्या उघडते,
फरशी पुसते, चारी खाटांवरची काजळी झटकते,
दिवेलागणीला सगळं लावून बाहेर येते
आणि सिमेंटवर पाठ टेकते.

एकदा मी विचारलं, आत का नाही निजत?
तिनं असं पाहिलं, जसं काही
मीच कुलूप फोडायला आलोय.
"किल्ली झाडायला दिली. निजायला नाही."

चार वर्षं एकच आकडा,
चार हजार चारशे एकाहत्तर.
न बघताही लिहिला असता.

या खेपेला बाहत्तर.

टॉर्च पुसला. चष्मा पुसला. बाहत्तर.

मागे वळलो तर ती उभी,
हातातलं फडकं पिळतेय, कोरडंच.
"एकच रात्र," म्हणाली.
"ताप होता. अंधारात माझे हात
मला सापडेनात. म्हणून दिवा लावला,
तो शंभराचा, पिवळा.
खुर्चीत बसले होते. खाटेवर नाही.
डोळा लागला, सकाळपर्यंत जळला."
मग थोड्या वेळानं:
"किती झाले?"

एक युनिट. दोन रुपयेही नाहीत.
बिल जाईल ऑस्वाल्दच्या फोनवर,
तो बघेल, किंवा बघणार नाही.
बघितलंच, तर विजेच्या भाषेत
एवढंच कळेल त्याला, की या घरात
एक रात्र कोणीतरी होतं.

मशीन लुकलुकतंय: नवं रीडिंग?
अंगठा आपोआप त्या पुसलेल्या बटणावर गेला.
समोर दार सताड उघडं.
आतून फिनेलचा वास येतोय,
लांबच्या भिंतीवर रेमेद बायचा फोटो,
त्याची काच तेवढी लख्ख.

नीलव्वानं पदराची गाठ सोडली,
सोप्यावर एकेक करून नाणी मांडली,
चार-पाच जास्तच.
"घे. पण पावती दे.
नावाची."

आणि मला लिहिता यावं म्हणून
सावकाश, एकेक अक्षर तोडून,
सांगू लागली:
नी.
ल.