एक शीट कमी

नोटीस बोर्डावर निळ्या पेनानं :
मादगुंडी रेणुका, अंतिम वर्ष, रेखा व रंगकला.
हजेरी अठ्ठ्याहत्तर टक्के, ठीक.
कलेच्या इतिहासाचं जर्नल, सही बाकी.
ग्रंथालय, दंड चाळीस रुपये.
मानवाकृती, पन्नासपैकी एकोणपन्नास.
खाली क्लार्क बिराजदारांची सही,
जी त्या अख्ख्या बोर्डावरची
सगळ्यात मोकळी रेषा आहे.

चार वर्षं. एकशे साठ श्रेयांक.
श्रेयांक म्हणजे काय गं, अत्तम्मानं विचारलं होतं
पहिल्या वर्षी, फीची पावती उलटी धरून.
म्हटलं, तुझी हजारी असते ना, तसंच.
मोजून द्यायचं.
छाट काढून उरेल ते आपलं.
तिला लगेच कळलं.
"मग छाट कोण काढतं?"
बाहेरून येतात. पुण्याहून.
"आमचा इथलाच हाय," ती म्हणाली,
"तरी काढतोच की."

मॉडेल म्हणून बसणारा म्हातारा
मेच्या पहिल्या आठवड्यानंतर आलाच नाही.
पत्र्याखालचा वर्ग, चव्वेचाळीस डिग्री,
तासाला साठ रुपये,
आणि हलायचं नाही.
सर म्हणाले, घरचं कुणी बसवा.

विडी घरकुलात
बसलेली माणसंसुद्धा बसलेली नसतात.
अत्तम्माच्या मांडीवर सूप,
सुपात कापलेली पानं, जर्दा, दोऱ्याचं रीळ,
आणि हात असे
की मी अंगठा काढेपर्यंत
तर्जनी पुढच्या विडीत.
थांब ना दोन मिनिटं.
"दोन मिनिटांत चार विड्या होतात.
त्या कोण वळणार, तुझे सर?"

मग नाही थांबवलं.
एकाच शीटवर, जसे दिसले तसे, हातावर हात,
पुसलं काहीच नाही.
नखातल्या जर्द्यासाठी कोळसा बोटानंच दाबला.
रात्री साडेअकराला मोजले तर सतरा हात होते
आणि एका बाईचे होते.
सरांनी पाहिलं, दोन पावलं मागं गेले,
चष्मा काढून शर्टाला पुसला.
आमच्याकडे यालाच शेरा म्हणतात.

तीच पन्नासावी.

नान्ना साखर पेठेत जॅकार्डची कार्डं पाडतात.
भोक म्हणजे दोरा वर,
भोक नाही म्हणजे दोरा खाली.
त्यांना एवढीच चित्रकला येते
आणि तिच्यातून चादरभर मोर निघतात.
माझ्या कुठल्याच शीटवर ते कधी बोलले नाहीत,
रंगांच्या किमतीवर तेवढे बोलले.
या आठवड्यात कारखाना तीन दिवस बंद.
काल संध्याकाळी घरी आले तर
खाटेवर माझी शीट
आणि तिच्यावर वाकलेले ते,
पट्टी, टोक काढलेली पेन्सिल,
डाव्या कोपऱ्यापासून मनगटांपर्यंत
बारीक बारीक चौकटी.

काय करूलालाय, नान्ना?

मान वर न करता :
"बघूलालोय.
एवढ्याला किती कार्डं लागतील."
मग थोड्या वेळानं,
"हजाराच्या वर जातंय.
हात लई गुंतलेत. पण बसंल."

मी रडले. रागानंच, असं
तेव्हा तरी मला वाटलं.
अत्तम्मानं सूप बाजूला ठेवलं,
जे ती जेवतानाही ठेवत नाही,
आणि पहिल्यांदाच तो कागद नीट पाहिला.
"माझी बोटं एवढी वाकडी हायत?"

आता सकाळचे सात.
सबमिशन अकराला, बस साडेनऊची.
नियमावलीत लिहिलंय :
काम विद्यार्थ्यानं स्वतः केलेलं असावं.
कोपऱ्यात नाव, हजेरी क्रमांक, माध्यम.
रबर घेऊन बसलेय पहाटेपासून.
वरच्या दोन ओळी गेल्या,
पेन्सिल हलकी होती, खूण राहिली नाही.
तिसऱ्या ओळीत पहिला अंगठा लागतो.

त्या चौकटीत त्यांनी
एक टिंब दिलंय.
इथे दोरा वर.

माध्यमाच्या पुढं मी कोळसा लिहिलंय,
स्वल्पविराम दिलाय,
आणि आत नान्ना दाढी करताहेत,
त्यांना विचारायचंय, ती पेन्सिल
कुठल्या नंबरची.