परिशिष्ट ब

प्रबंधाचं पहिलं वाक्य मी पणजीत लिहिलं,
ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, एसीत, ओढणी गुंडाळून :
‘वस्त्र ही समाजाची भाषा असते.’
कुंकळकर मॅडमनी समासात पेन्सिलीनं विचारलं,
कोण म्हणतं?

म्हणून हळदोणे.
डिचोलीहून म्हापशापर्यंत एक बस, तिथून दुसरी,
मग उतारावरून पायी,
एस्पेरांस द मेलोच्या बाल्कांवापाशी.
पायमशीन. त्यावर झोपलेलं मांजर.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा मापवह्या.
‘कितें सोदता गो तूं?’
फॅशन, म्हटलं.
ती हसली, ओठांतल्या टाचण्या सांभाळत.

वह्यांत तारखा नाहीत, सण आहेत.
सांजांवच्या आधी. नाताळाक. फेस्ताक.
सालं मलाच काढावी लागली.
जुन्या तीन वह्यांत मापं सेंटिमीटरमध्ये,
चौथीच्या मधल्या पानापासून इंचांत.
एकाच बाईची कंबर चौऱ्याहत्तरवरून एकोणतीसवर आलेली पाहून
घाबरले, मग शेजारी लिहिलं :
टेप बदलली, बाई नाही.
राज्य बदलल्याचा पुरावा
मला असा कमरेवर सापडला.

सातव्या वहीत हुक जाऊन झिप येते.
आठवीत बाह्या नाहीशा होतात,
नववीत पाद्रीच्या प्रवचनानंतर कोपरापर्यंत परततात.
मी आलेख काढला.
सुंदर आला आणि खोटा होता.

कारण मी मोजत होते नवे कपडे,
आणि प्रत्येक पानावर डावीकडे, मुंगीएवढ्या अक्षरात,
शाईचे डाग समजून मी जे सोडून दिलं होतं ते :
उसवलं. सैल केलं. कॉलर उलटली.
घेर सोडला. पुन्हा सोडला.
दहा ओळींतल्या सात अशाच.
फिलूचं लग्नाचं साटीन
थोरलीच्या पहिल्या कोमुन्यांवाला गेलं,
मग धाकटीच्या, मग पाळण्याची झालर झालं,
मग एका ओळीत नुसतं : बटणं काढून ठेवली.
शांती पालयेकरचं पोलकं
दर दोन महिन्यांनी एक बोट आत, एक बोट आत.
पुढचं पान कोरं.

मॅडम म्हणाल्या, शीर्षक बदल.
बदललं. मुदत तीच.

कपडा नेला की ओळीवर तिरकी रेघ.
चारशे बारा नोंदींत नऊ ओळी बिनरेघेच्या.
त्यांतल्या एकीवर बोट ठेवून विचारलं,
हा फ्रॉक?
एस्पेरांस आत गेली. बाहेर आली ती
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही घेऊन,
डांबरगोळ्यांचा वास, पिस्ता रंग.
‘लिस्बोआक गेली. येतां म्हणिल्लें तिणें.’
मग मला खालीवर बघून,
‘घाल पळोवया.’

घातला.
खांदा उतरत होता. बाकी सगळं,
काय लिहू, बाकी सगळं माझंच होतं.
पाठीवर टेपचा गार पत्रा टेकला,
मान सरळ, ती म्हणाली, श्वास धरूं नाका.
आणि अकरावी वही उघडून तिनं लिहिलं :
दिवचलचें चेडूं. खांदो साडेतेरा.

संशोधकाने नमुन्यात शिरू नये,
असं दुसऱ्या प्रकरणात मीच लिहिलंय. पान अठरा.
तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी विचारलं,
एकूण नोंदी किती?
चारशे बारा, म्हटलं, न अडखळता.

प्रबंध काळ्या रेक्झिनमध्ये, वर सोनेरी अक्षरं.
बाइंडरनं माझ्या नावातली वेलांटी चुकवली;
ते मात्र उसवता येणार नव्हतं.

फ्रॉक अजून हळदोण्यालाच आहे.
दोनदा जाऊन आले.
मांजर मशीनवरच होतं.
‘फाल्यां यो,’ दोन्ही वेळा.
माझ्या ओळीवर रेघ नाही.