काळा रंग

सकाळी सात. आधी गोळी, मग अर्ध्या तासानं भाकरी.
तोवर नायना खाटेवर,
बंद पडलेल्या मागासारखे.
दोरे ताणलेले, धोटा मध्येच अडकलेला.
समोर आई सूप घेऊन. तिची बोटं विड्या वळतात.
त्यांची बोटं
नुसतीच वळतात.

डॉक्टर कासेगावकरांनी केसपेपरच्या पाठीमागं
मेंदूचं देठ काढलं होतं, त्यात एक काळी रेघ.
"इथल्या पेशी मरतात. काळेपणा उडतो."
नायना एकतीस वर्षं डाइंगला, अक्कलकोट रोडला.
चित्राकडं बघत राहिले.
"नल्ला," म्हणाले. "काळा सगळ्यात अवघड.
कच्चा बसला, की पहिला तोच जातो."

हवं ते रसायन तसंच देऊन भागत नाही,
मेंदूच्या वेशीवर त्याला अडवतात.
म्हणून कच्चा माल पाठवायचा,
रंग आत गेल्यावर तयार होईल.
आणि गोळीत दुसरं एक औषध,
वाटेतच, रक्तातच तो पिकू नये म्हणून.
"म्हणजे तुरटी?" मी विचारलं.
"तुरटी रंग धरून ठेवते गं," नायना म्हणाले,
"ही त्याला थोपवून धरते."
डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

डाळही त्याच दारातून आत शिरते, गर्दी करते.
तेव्हापासून आमच्याकडं आमटी रात्रीच.

मध्ये एक निराळी गोळी होती.
त्या चार महिन्यांत अशोक चौकातून
चौदा हजारांची लॉटरीची तिकिटं आली,
गादीखाली, पत्र्याच्या डब्यात, देवामागं.
गोळी बंद, तिकिटं बंद.
त्यातलं त्यांचं किती आणि गोळीचं किती
हे आईनं विचारलं नाही.
डबा मात्र तिनं अजून टाकलेला नाही.

आता सहावं वर्ष.
गोळी चढते तेव्हा खांदा आपोआप नाचतो,
उतरते तेव्हा मोरीच्या उंबऱ्याशी
पाय फरशीला चिकटतात.
कुणीतरी सांगितलं, आडवे पट्टे दिसले की पाय उचलतो.
मी जुनी चादर अंथरली.
एक पट्टा. थांबले. दुसरा.
तिसऱ्यावर खाली वाकून बघायला लागले,
मी दंड धरला, पडतील म्हणून.

"हा काळा माझ्या हातचा नाही," म्हणाले.
"माझा इतका विटला नसता."

अकराची गोळी राहिलीय अजून.