डाव्या मागच्या चाकावरची माती

फिटनेसवाल्यानं टेप लावला आणि म्हणाला,
मॅडम, गाडी कागदापेक्षा रुंद आहे.
दोन्हीकडून चार-चार बोटं.
मी म्हटलं, मीपण.
तो हसला नाही. शिक्काही मारला नाही.

म्हणून आज हजिऱ्यात, नफीसच्या टपरीसमोर
जिप्सी विटांवर उभी आहे
आणि चाकांवरचे ते काळे रबरी पट्टे
उतरवायचे आहेत.
नफीस त्यांना मिशा म्हणतो.
'मूँछ उतर गई तो डरेगा कौन, मैडम?'

डरायचं तसं कुणी नव्हतंच.
नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बसवल्या मी.
सरकारी जीप साहेबांना, मला बसचा पास,
म्हणून कर्ज काढून ही घेतली.
सबलगडच्या डाकबंगल्यावर चौकीदारानं
माझ्या मागे वाकून पाहिलं होतं,
माती तपासणारे साहेब कुठायत?
तेव्हा ठरवलं,
गाडी तरी दांडगी दिसू दे.

एका मिशीला नऊ बोल्ट.
सात रात्रभर डिझेल पिऊन मऊ पडले.
आठव्याचं डोकं तुटलं.
नववा पान्यालाच दाद देईना,
त्याच्याशी नफीसनं जी बोलणी केली
ती इथे लिहिता येत नाहीत.
मग ग्राइंडर. ठिणग्या माझ्या चपलेपर्यंत.

उजवी बाजू पोरानं काढली
आणि मी चहा घेऊन वळेपर्यंत
पंपानं धुऊनही टाकली.
वीस वर्षांचा गाळ गटाराकडे निघालेला.
अरे, अरे, म्हणत मी धावले.
तो म्हणाला, आंटी, मट्टीच तर आहे.

डावी मी कुणाला हात लावू दिली नाही.
तसंही डावीच खरी,
रस्त्याच्या कडेला उतरणारी.

मागची मिशी सुटली तेव्हा
आतून पोपडा आला सबंध,
दोन बोटं जाड, भाकरीच्या तुकड्यासारखा.
मी चष्मा वर केला. गुडघे कुरकुरले.
सर्वांत वर पांढुरका पोयटा, पिठासारखा,
अटेरच्या घळी.
त्याखाली तांबूस, खडेरी,
मोहन्याच्या पुढचा घाट, जिथे दोनदा रुतले होते.
मधे बाभळीचा काटा, अजून टोकदार,
आणि कुंभारमाशीचं घर, रिकामं.
मग अगदी आत, रबराला चिकटून,
काळ्याची एक रेघ.
चिकण. तडकलेली.
बोटाला थुंकी लावून घासली,
जशी शिकाऊ पोरांना शिकवायची.
फीत निघाली लांब.

काळी माती माझ्या हद्दीत नव्हती.
गुण्याला मी एकदाच गेले,
कामासाठी नाही.
पाऊस होता, आणि परत फिरताना
गाडी मी फार जोरात वळवली होती.

पर्समध्ये औषधाची रिकामी पिशवी होती.
तिच्यात तो तुकडा भरला, सवयीनं वर लिहिलं,
खोली: दोन बोटं.
रंग: ओली असताना फारच काळी.
ठिकाण:
इथे पेन अडलं.
पेनाचा दोष नव्हता.

भोकं बुजवू का, नफीसनं विचारलं,
लांबी भरून रंग मारतो, कळणारही नाही.
एका बाजूला अठरा, दोन्हीकडे छत्तीस.
पट्ट्याखालचा मूळ हिरवा रंग
कोऱ्या साडीच्या घडीसारखा तजेलदार,
आणि त्यात ही ओळीनं छिद्रं.
राहू द्या, म्हटलं. फक्त गंजू देऊ नका.

'बारीक दिसतेय,' तो म्हणाला.
चाकं खरंच उघडी पडली होती,
नुकती दाढी काढलेल्या माणसाची हनुवटी
जशी घरच्यांनाही दोन दिवस परकी वाटते.

पडावापाशी नळ फुटला होता.
चाकाखालचं पाणी आता अडवायला काही नाही,
उघड्या खिडकीतून थेट कोपरापर्यंत आलं.
स्कूटरवरची एक मुलगी मला पाहून हसली.
मी हात पुसला नाही.
सिग्नलला थांबून बघत होते,
वाळल्यावर रंग कोणता येतो.