टिंब

वसमतच्या मोंढ्यामागचं मैदान.
काळ्या मातीवर काथ्याची मॅट, कडेनं खिळे.
त्यातला एक दर दोन ओव्हरला वर येतो
आणि पंच टाचेनं त्याला परत आत घालतो.
मी स्कोअरर. चिंचेखाली टेबल,
वहीवर दगड, वाऱ्यासाठी.

रज्जाक हळदीच्या आडतीवर पोती उचलतो.
हात कितीही धुतले तरी नखांत पिवळं उरतंच,
चौथ्या-पाचव्या ओव्हरपर्यंत
ते चेंडूच्या एका गालावर उतरतं.
म्हणून त्याची फिरकी उघड्या डोळ्यांनी दिसते:
लाल, पिवळा, लाल, पिवळा,
मग दोन्ही मिळून एक रंग
ज्याला माझ्याकडं नाव नाही.

धाव सहा पावलांची.
पाचव्याला तो कंबरेत एक झोका घेतो,
पोतं पाठीवर यायच्या आधी हमाल घेतो तसा.
तेवढ्यापुरती
चहावाल्याची किटलीसुद्धा कपावर तिरकी थांबते.

समोर जिंतूरचा विश्वंभर ढोबळे.
सकाळच्या सामन्यात पूर्ण्याच्या पोरांचे षटकार
जिनिंगच्या पत्र्यावर धडाधड वाजले,
लोक नाचले, मीही सहा, सहा, सहा लिहीत गेलो.
आता त्यातला एकही आठवत नाही.
विश्वंभरच्या बॅटीला आवाजच कमी.
तो उशिरा खेळतो, इतका उशिरा
की शेजारचे दाजीबा पुटपुटतात, "गेला, गेला हा,"
आणि मग बॅट येते,
दूध उतू जाता जाता कुणी गॅस बारीक करावा तशी.
चेंडू थर्डमॅनकडं
स्वतःच्या पायानं निघाल्यासारखा जातो.

असे दोन चौके.
तिसरा रज्जाकनं आणखी वर दिला.
घे, म्हणल्यासारखा.
विश्वंभर निघाला, दीड पाऊल,
अन् मध्येच त्याला कळलं.
ते कळणं मला त्याच्या पाठीत दिसलं,
शर्टाच्या घामाच्या डागाखाली.
चेंडू हातभर अलीकडं पडला,
बाहेर वळला, कडेला नुसता वास देऊन गेला
आणि कीपरही फसला:
चेंडू त्याच्या हातात नाही, छातीवर.
विश्वंभर क्रीझच्या बाहेर उभा,
कीपर पायांत चेंडू शोधतोय,
कुणी ओरडेना.

मग विश्वंभर मागं आला, बॅट काखेत धरली,
दोन बोटं तळहातावर वाजवली.
"कामून असं करूलालास रे?
पोतं समजूलालास का मला?"
रज्जाक डोक्यावर हात ठेवून हसला,
केसांना थोडी हळद लागली.

"काय झालं?" दाजीबांनी विचारलं,
ते तंबाखू मळत होते.
काही नाही, मी म्हणालो.
वहीत टिंब दिलं.
पेन्सिल जरा जास्तच फिरली असावी,
इतर टिंबांपेक्षा ते मोठं दिसतंय.
खोडरबर हातात घेतलं,
परत ठेवलं.

तिकडं तो खिळा पुन्हा वर आला होता.
पंच चालत निघाला.