अकरावी खाच

रेडिओ तेव्हा खोटं बोलला नव्हता.
पाच मीटर, म्हणाला. स्टॉर्म सर्ज, म्हणाला.
आम्ही माना डोलावल्या
आणि छपराच्या पत्र्यांवर जुने टायर चढवले,
वाऱ्यासाठी.

वारा ओळखीचा. दर साली येतो,
केळी आडव्या करतो, दोनचार पत्रे नेतो, जातो.
हा सर्ज कोण?
सुदिंगचा धाकटा म्हणाला,
बोटीच्या इंजिनातला काहीतरी भाग असेल.
हसलोसुद्धा.

आमच्या वाराय भाषेत शब्द होता की: लुनोप.
नोहाच्या गोष्टीत पाद्री दरवर्षी वापरायचे तो.
तेवढा एक कुणी उच्चारला असता,
तर कोन्सोर्सिया भाताचं पातेलं चुलीवर तसंच टाकून
डोंगराकडे पळाली असती.

मी बारांगायच्या कचेरीत चिटणीस.
महिन्याने माझी वही सापडली,
पाणी पिऊन उशीएवढी फुगलेली.
पानांचा लगदा. एकच ओळ वाचता येत होती:
‘सूचना मिळाली. सर्वांना कळवली.’
खाली माझी सही, वळणदार.

त्या दिवसापासून मीटर हा शब्द मी टाकला.

पेर्फेक्तो माडी काढतो.
त्याच्या माडांना चढायला खाचा आहेत,
बापाने कोयत्याने पाडलेल्या.
सुताराची टेप लावून आम्ही मोजलं:
गुडघाभर पाणी म्हणजे पहिली खाच,
शाळेची घंटा बुडाली की सातवी,
पाच मीटर म्हणजे अकरावी.
तिथे चढून पेर्फेक्तोने लाल रंगाचा पट्टा मारला
आणि बराच वेळ खाली उतरलाच नाही.
आम्ही खाली उभे,
वर त्याचे तळवे बघत.

आता भोंगा घेऊन गल्लीत शिरते तेव्हा
खाचेचा आकडा ओरडते.
लहान पोरंही मान वर करून माड बघतात
आणि चपला शोधायला लागतात.

लोक घर सोडत नाहीत, असं शहरातले म्हणतात.
घर कोण धरून बसतंय?
डुकरीण सुटत नाही.
डुकरीण म्हणजे थोरलीची नर्सिंगची फी,
चार पायांवर उभी.
निवाऱ्याच्या आराखड्यात डुकरांना जागा मागितली
तेव्हा इंजिनिअर हसला.
तीन बैठका हसत होता.
चौथीला बायका डुकरं घेऊनच आल्या.

आज इमारतीमागे वर चढत जाणारा उतार आहे,
त्याच्या माथ्यावर एकोणीस खण.
वादळाच्या रात्री वास असा की डोळे चुरचुरतात,
पण माणसं मोजली की भरतात.

एक सोडून. आनाक्लेतो.

त्याची डेल्फिना त्या सकाळी गेली ती मिळालीच नाही,
यादीत नाही, खड्ड्यात नाही.
‘ती येईल,’ तो म्हणायचा, ‘आणि दार बंद असेल.’
याचं उत्तर कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत.
मी दोन वादळं त्याच्या उंबऱ्यावरून रिकामी परतले.

गेल्या डिसेंबरात, सिग्नल तीन,
कंदील धरून मी म्हटलं,
मग दारावर निरोप लिहून ठेवू या.
खडू माझ्या पर्समध्ये होता.
त्याने सांगितलं, मी लिहिलं:
डेल्फिना, शाळेमागच्या पक्क्या इमारतीत आहे.
वरचा मजला, खिडकीजवळ. ये.
थांबला. मग म्हणाला, अजून एक घाल:
चपला घालून ये, वाटेत काचा असतील.

आणि टोपी घेऊन माझ्या पुढे चालू लागला.

पाणी चौथ्या खाचेपर्यंत आलं.
भिंत गेली, दार राहिलं,
चौकटीत उभं, कोरं.

गुरुवारी त्याने मला बोलावून घेतलं.
कोपऱ्यात ओल्या चटया, बाहेर कोंबडी ओरडत होती.
खडू आहे ना, म्हणाला.
लिही,
मी घरी आलोय.